कारणाऐवजी अंतर : संख्याशास्त्रातील एका पर्यायाचा इतिहास

१

इ. स. १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात जॉर्ज उडनी यूल यांचा इंग्लंडमधील निष्कांचनांविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. सार्वजनिक निधीतून मदत घेणाऱ्या गरिबांचे प्रमाण दोन जनगणनांच्या दरम्यान कोणत्या कारणांनी बदलते, हा त्याचा विषय होता. आश्रयगृहात दाखल न करता गरिबांना बाहेरच दिली जाणारी मदत, वृद्धांचे प्रमाण आणि लोकसंख्येतील वाढघट या तीन राशी घेऊन यूल यांनी समाश्रयणाचे समीकरण मांडले व बदलाचा किती भाग कोणत्या राशीमुळे घडला याचा हिशेब दिला. परंतु त्याच निबंधाच्या एका तळटीपेत त्यांनी वाचकास बजावून ठेवले आहे की, 'यामुळे' या शब्दाचा अर्थ काटेकोरपणे बोलावयाचे तर 'याच्याशी निगडित' एवढाच घ्यावयाचा. निबंधाच्या शीर्षकात 'कारणे' हा शब्द आहे. तळटीपेत तो मागे घेतलेला आहे.

पुढील शंभर वर्षे संख्याशास्त्राला छळणारा पेच या एका तळटीपेत दिसतो. दोन राशी बरोबरीने वाढतात किंवा एक वाढताना दुसरी घटते, एवढे आकड्यांवरून कळते. पहिलीने दुसरीला वाढविले काय, हे आकडे आपण होऊन सांगत नाहीत. या अडचणीतून निघण्याचे मार्ग तीन. पहिला, कारणांचा एक आराखडा आधी गृहीत धरून त्याच्या चौकटीत आकडे बसविणे. दुसरा, प्रत्यक्ष प्रयोग करणे व कोणत्या वाफ्याला खत द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरविणे. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ पासून हा मार्ग प्रशस्त केला. तिसरा मार्ग म्हणजे कारणाचा प्रश्नच बाजूस ठेवून, ज्याचे उत्तर आकडे देऊ शकतील असा निराळा प्रश्न विचारणे. या तिसऱ्या मार्गाचा भारतात जो विकास झाला, त्याचा आणि त्यामुळे काय साधले व काय हुकले याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

कारणाची कल्पना शास्त्रातून हद्दपार करण्याचा सर्वांत धीट प्रयत्न कार्ल पिअरसन (१८५७-१९३६) यांचा होय. 'द ग्रामर ऑफ सायन्स' या १८९२ च्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, शास्त्राचे काम अनुभवांचा क्रम संक्षेपाने वर्णन करण्याचे आहे. त्या क्रमामागे कोणती शक्ती उभी आहे हे सांगण्याचे नव्हे. १९११ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी आणखी पुढे जाऊन सहसंबंधाची कल्पना कारणाच्या जागी बसविली. विश्वात पूर्ण स्वातंत्र्य व पूर्ण अवलंबन ही केवळ दोन टोके आहेत, सर्व प्रत्यक्ष वस्तू त्यांच्या दरम्यान कोठे तरी असतात, आणि 'कार्यकारण' हे त्यांपैकी एका टोकाला दिलेले नाव आहे, अशी त्यांची भूमिका होती. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८८ मध्ये मांडलेल्या सहसंबंधाच्या कल्पनेला पिअरसन यांनी १८९६ मध्ये निश्चित गणिती रूप दिले. १९०१ मध्ये 'बायोमेट्रिका' हे नियतकालिक निघाले आणि या विचाराला व्यासपीठ मिळाले.

आपल्या साधनाचे दोष पिअरसन यांना ठाऊक नव्हते असे मात्र नाही. समान छेद असलेली दोन गुणोत्तरे घेतली तर मूळ राशींत कसलाही संबंध नसताना गुणोत्तरांत तो दिसू लागतो, हे त्यांनी १८९७ मध्येच दाखविले होते. त्यानंतर दोन वर्षांनी पॅरिसच्या भुयारी दफनस्थानातील कवट्यांचे उदाहरण पुढे आले. पुरुषांच्या कवट्या व स्त्रियांच्या कवट्या वेगळ्या मोजल्या असता लांबी व रुंदी यांतील सहसंबंध नगण्य निघाला. दोन्ही एकत्र करताच तो ०.२ च्या जवळपास गेला. पुरुषांच्या कवट्या सर्वच बाजूंनी मोठ्या, एवढेच त्याचे मर्म होते. यूल यांनी १९२६ मध्ये याहून विलक्षण उदाहरण दिले. इंग्लंडमध्ये १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडच्या चर्चमध्ये लागलेल्या विवाहांचे प्रमाण आणि मृत्यूचे प्रमाण यांतील सहसंबंध ०.९५ इतका येतो. दोन्ही आकडे काळाबरोबर उतरत गेले होते, आणि काळाबरोबर एका दिशेने जाणाऱ्या कोणत्याही दोन राशी अशाच फसव्या रीतीने जुळतात.

पहिल्या मार्गाचे समर्थकही याच काळात उभे राहिले. अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९२१ मध्ये कारणांचा आराखडा बाणांनी काढून प्रत्येक बाणाचे वजन सहसंबंधांवरून काढण्याची रीत मांडली. पुढच्याच वर्षी हेन्री नाइल्स यांनी तिच्यावर पिअरसन यांच्या विचारसरणीतून कडाडून टीका केली. राइट यांचे उत्तर असे होते की, सहसंबंधांतून कारणे शोधून काढण्याचा दावा आपण केलेलाच नाही. कारणांविषयीचे आधीचे ज्ञान आणि सहसंबंध यांची सांगड घालणे एवढाच आपला हेतू आहे. या वादाचा निकाल त्या पिढीत लागला नाही. राइट यांची रीत कित्येक दशके आनुवंशशास्त्राबाहेर फारशी वापरली गेली नाही, आणि संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'सहसंबंध म्हणजे कारण नव्हे' हे एकच वाक्य उरले. ते वाक्य खरे आहे. पण सहसंबंध म्हणजे कारण नव्हे तर मग काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

३

या प्रश्नाला भारतात जे उत्तर मिळाले त्याची पार्श्वभूमी निराळी होती. येथे आकड्यांच्या आधारे एक भले मोठे कारण आधीच सांगून ठेवलेले होते. हर्बर्ट रिस्ले यांनी बंगालमधील जाती-जमातींची शरीरमापे घेऊन ती १८९१ मध्ये प्रसिद्ध केली. नाकाची रुंदी व उंची यांच्या गुणोत्तराला, म्हणजे नासिकांकाला, त्यांनी विशेष महत्त्व दिले आणि असा सिद्धान्त मांडला की, नाक जितके रुंद तितके जातीचे सामाजिक स्थान खालचे. यावरून जातिसंस्थेचे मूळ वंशभेदात आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले हेच असल्याने या सिद्धान्ताला सरकारी दप्तराचे वजन आले.

येथे केवळ एका गुणोत्तराचा प्रश्न नव्हता. जातींची उतरंड शरीरातच कोरलेली आहे असे ठरले, तर ती बदलण्याचा प्रत्येक प्रयत्न निसर्गाविरुद्ध ठरतो. म्हणून या मापांची तपासणी हा निव्वळ गणिताचा विषय राहिला नाही.

मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातील गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या ग्रंथात ही तपासणी प्रांतवार केली. रिस्ले यांनी सांगितलेली उतरंड हिंदुस्थानात, म्हणजे त्या वेळच्या संयुक्त प्रांताच्या परिसरात, बऱ्याच अंशी दिसते; इतर प्रांतांत मात्र ती टिकत नाही, असे त्यांना आढळून आले. मुंबई इलाख्यात तर देशस्थ ब्राह्मण हे चित्पावनांना जितके जवळ तितकेच सोनकोळ्यांनाही जवळ दिसतात. एका प्रांतातील जुळणीवरून साऱ्या देशाला लागू होणारे कारण सांगणे कसे धोक्याचे आहे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

प्रशान्तचंद्र महालनोबिस (१८९३-१९७२) यांचे कार्य याच सुमारास आकार घेत होते. केंब्रिजमध्ये पदार्थविज्ञानाचा अभ्यास संपवून १९१५ मध्ये स्वदेशी परतण्यापूर्वी किंग्ज कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांच्या दृष्टीस 'बायोमेट्रिका'चे अंक पडले. त्यांनी ते विकत घेतले व बोटीच्या प्रवासात वाचावयास आरंभ केला. १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण विभागाचे संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्यांना कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करण्यास सुचविले. त्यातून १९२२ मध्ये त्यांचा संख्याशास्त्रावरील पहिला निबंध निघाला. एका भौतिकशास्त्रज्ञाची वाट येथे बदलली.

४

महालनोबिस यांना भेडसावणारा प्रश्न वरवर साधा होता : दोन मानवगट एकमेकांपासून किती दूर आहेत, हे एका आकड्यात कसे सांगावे? यासाठी पिअरसन यांचा 'वांशिक सादृश्याचा गुणांक' प्रचलित होता. परंतु त्यात एक मूलभूत घोटाळा होता. मोजलेल्या व्यक्तींची संख्या वाढत गेली की, दोन गटांतील प्रत्यक्ष फरक तेवढाच राहूनही गुणांक वाढत जाई. दोन गट मुळात वेगळे आहेत की नाहीत याची चाचणी म्हणून हे ठीक होते. पण फरक किती आहे याचे माप म्हणून ते निरुपयोगी होते. फरक आहे याची खात्री आणि फरकाचे परिमाण या दोन गोष्टी महालनोबिस यांनी १९३० च्या निबंधात स्पष्टपणे अलग केल्या.

त्यांच्या मापाची मूळ कल्पना सोप्या उदाहरणाने सांगता येते. समजा, दोन गटांच्या सरासरी उंचीत २ सेंटिमीटर फरक आहे आणि प्रत्येक गटातील व्यक्तींच्या उंचीचे प्रमाण विचलन ६ सेंटिमीटर आहे. गटांतर्गत विविधतेच्या मानाने हा फरक एक तृतीयांश, आणि त्याचा वर्ग एक नवमांश. अशा रीतीने प्रत्येक शरीरमापातील फरक त्या मापाच्या स्वाभाविक चढउताराच्या पट्टीने मोजावयाचा आणि वर्गांची बेरीज करावयाची. पण उंची आणि पसरलेल्या हातांची लांबी ही मापे परस्परांशी जखडलेली असतात. दोन्ही वेगवेगळी धरली तर एकच फरक दोनदा मोजला जातो. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सामान्यीकृत अंतराच्या निबंधात हा परस्परसंबंध हिशेबात घेऊन दुहेरी मोजणी टाळण्याची रीत पूर्णत्वास गेली. 'डी-वर्ग' या नावाने ती जगभर ओळखली जाते.

या मापात कारणाला कोठेही स्थान नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. सहसंबंधात निदान दोन राशी असतात आणि त्यांतील एकीला कारण व दुसरीला कार्य म्हणण्याचा मोह होतो. अंतराला अशी दिशाच नसते. पुण्यापासून सातारा जितका दूर तितकेच साताऱ्यापासून पुणे. एक गट दुसऱ्यापासून निघाला, की दोन्ही तिसऱ्यापासून, की मुळात काही नाते नसताना सारख्या परिस्थितीने ते सारखे झाले, याविषयी अंतर मौन पाळते. पिअरसन यांनी कारण हा शब्द नाकारला. महालनोबिस यांनी ज्यातून तो शब्द उगवतो त्या प्रश्नाचीच रचना बदलली.

अंतराच्या आधी मोजमाप शुद्ध असले पाहिजे, याविषयीही त्यांचा कटाक्ष होता. रिस्ले यांच्या आकड्यांची फेरतपासणी करणारा त्यांचा निबंध १९३३ मध्ये, 'संख्या' या त्यांनीच सुरू केलेल्या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ज्या आकड्यांवर चाळीस वर्षे सिद्धान्त उभे राहिले ते आकडे आधी नीट जुळतात काय, हे पाहण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली होती. पुढे १९४१ मध्ये धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी संयुक्त प्रांतात घेतलेल्या मापांचे विश्लेषण महालनोबिस, मजुमदार व सी. आर. राव यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा गटांची मांडणी अंतरांच्या आधारे कशी करावी याचा पाठच अभ्यासकांपुढे आला.

५

महाराष्ट्रात या विचाराला मिळालेले वळण अधिक मूलगामी ठरले. इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांनी बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्यांच्या असममितीवर प्रबंध लिहिला होता. वंशभेदाचा डांगोरा पिटणाऱ्या गुरूच्या प्रयोगशाळेत काम करूनही, असममिती व वंश यांचा संबंध आपल्या मापांत दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी नोंदविला. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातील जाती-जमातींची मापे घेण्याचे काम चालविले. त्यांचा आणि वि. म. दांडेकर यांचा 'अँथ्रोपोमेट्रिक मेझरमेंट्स ऑफ महाराष्ट्र' हा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला.

रिस्ले यांनी 'ब्राह्मण', 'कुणबी' अशा नावांना एकेक गट मानून त्यांच्या सरासऱ्या काढल्या होत्या. कर्वे यांचा प्रश्न त्याच्याही आधीचा होता : एका नावाखाली येणारे लोक हा एक गट आहे, हे कोणी ठरविले? विवाहसंबंध ज्या वर्तुळात होतात ते वर्तुळ, म्हणजे अंतर्विवाही जात, हाच मोजण्याचा खरा घटक, असा त्यांचा आग्रह होता. असे घटक वेगवेगळे मोजले असता एकाच नावाच्या व एकाच व्यवसायाच्या जाती परस्परांपासून दूर असल्याचे दिसते. या आधारावर 'हिंदू सोसायटी : अ‍ॅन इंटरप्रिटेशन' या १९६१ च्या ग्रंथात त्यांनी असे मत मांडले की, सारख्या नावाच्या जाती म्हणजे एका मूळ जातीची झालेली शकले नव्हेत, त्या मुळातच निरनिराळ्या असून सारख्या व्यवसायामुळे एका नावाखाली आल्या. १९६८ मध्ये कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची जीवशास्त्रीय तुलना प्रसिद्ध केली. दर्जा समान असूनही गटांत भेद आहेत, हे दिसल्यावर दर्जा आणि शरीर यांची रिस्ले यांनी घातलेली गाठ सैल होणे क्रमप्राप्त होते.

पॅरिसच्या कवट्यांचे उदाहरण येथे पुन्हा आठवते. भिन्न गट एकत्र केले की नसलेला संबंध दिसू लागतो, हा इशारा पिअरसन यांनी दिला होता. जातींच्या बाबतीत तो इशारा खऱ्या अर्थाने अमलात आणण्याचे श्रेय पुण्याच्या या कार्याकडे जाते.

६

तथापि कारणाचा प्रश्न न विचारणे म्हणजे कारणापासून मुक्त होणे नव्हे. तो प्रश्न पुढच्या दाराने बाहेर घालविला तरी मागच्या दाराने आत येतो, याचे दाखले या इतिहासातच आहेत.

पहिला दाखला खुद्द पिअरसन यांचा. १९२५ मध्ये त्यांनी व मार्गारेट मूल यांनी रशिया व पोलंडमधून लंडनला आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. बुद्धी आणि घरची परिस्थिती यांतील सहसंबंध अल्प आढळला. यावरून बुद्धी आनुवंशिक आहे, आणि अशा लोकांना देशात येऊ देणे हिताचे नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्याने आयुष्यभर कारण या शब्दाची हेटाळणी केली, त्याने येथे सहसंबंधातून आनुवंशिकतेचे कारण काढले आणि त्यावरून राज्यकर्त्यांना सल्लाही दिला. कारणाविषयी उघडपणे बोलावयाचे नाही असा नियम केल्याने गृहीतके नाहीशी झाली नाहीत. ती केवळ तपासणीच्या कक्षेबाहेर गेली.

दुसरा दाखला महालनोबिस यांचा. १९२५ च्या विज्ञान परिषदेत त्यांनी बंगालमधील जातींविषयी जे विवेचन केले, त्यात बंगाली ब्राह्मण हे इतर प्रांतांतील ब्राह्मणांपेक्षा बंगालमधील अन्य जातींना अधिक जवळ असल्याचे दाखविले होते. निष्कर्ष महत्त्वाचा होता. परंतु त्या विवेचनाचे शीर्षक 'वंशमिश्रण' असे होते. जवळीक हे निरीक्षण; मिश्रण हे त्या निरीक्षणाचे कारण. समान आहार, समान हवामान किंवा समान पूर्वज यांनीही जवळीक संभवते. फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची मापे घेऊन १९११-१२ मध्येच दाखविले होते की, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार त्यांच्या युरोपात जन्मलेल्या भावंडांपेक्षा वेगळा असतो. या फरकाचे प्रमाण किती, याविषयी एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा वाद झाला. तरी शरीरमाप हा वंशाचा अढळ शिक्का मानता येत नाही, हा बोध कायम आहे.

तिसरा दाखला मोजमापाच्या क्षेत्रातील आहे. पिकांचा अंदाज घेणाऱ्या नमुना पाहणीत कार्यकारणाचा आराखडा लागत नाही. यदृच्छया निवडलेल्या तुकड्यांतील पीक कापावे, तोलावे आणि साऱ्या प्रदेशाचा अंदाज बांधावा, एवढेच तिचे स्वरूप. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११-१९९७) यांनी १९४० नंतर भारतीय कृषी संशोधन परिषदेत या कामाची उभारणी केली. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज पद्धतशीरपणे वाढतो, असे त्यांनी दाखविले. कडेवरची रोपे आत धरावी की बाहेर, हे ठरविताना कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. बंगालमध्ये लहान तुकड्यांचा पुरस्कार करणारे महालनोबिस आणि मोठ्या तुकड्यांचा आग्रह धरणारे सुखात्मे यांच्यात यावरून दीर्घ वाद झाला. या वादातील मर्म असे की, निष्कर्षात कारण नको असले तरी आकडा कसा जन्मला याचे कारण कळल्यावाचून आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

७

ज्या ठिकाणी निर्णय घेणे भागच होते, त्या ठिकाणी महालनोबिस यांनी स्वतः कारणाचा शोध टाळला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९२६ मध्ये ओरिसातील ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचे पात्र गाळाने वर आले आहे, म्हणून बांध उंच करावेत, असे अभियंत्यांच्या समितीचे मत होते. महालनोबिस यांनी सुमारे ६० वर्षांच्या पर्जन्यमानाच्या व नदीपातळीच्या नोंदी तपासल्या. पात्र वर आले असते तर तेवढ्याच पावसाला पाण्याची पातळी वर्षानुवर्षे चढत गेलेली दिसली पाहिजे होती. तसा पुरावा मिळाला नाही. पुराचे मूळ वरच्या पाणलोट क्षेत्रातील अतिवृष्टीत होते. तेव्हा उपाय खालच्या बांधांत नसून वरच्या बाजूच्या जलाशयांत शोधावयास हवा होता. महानदीवरील हिराकुड धरणाच्या कल्पनेला या अभ्यासाचा आधार मिळाला. ते धरण १९५७ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले.

येथे कोणतेही गुंतागुंतीचे कारणसमीकरण नव्हते. प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण खरे असते तर नोंदींत काय दिसले असते, हा एकच प्रश्न चिकाटीने विचारला गेला. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीडमन यांनी १९९१ मध्ये समाजशास्त्रांतील समाश्रयणाच्या समीकरणांवर टीका करताना याच प्रकारच्या कामाचा पुरस्कार केला. त्यांनी आदर्श म्हणून जॉन स्नो यांचा दाखला दिला. १८५४ मध्ये लंडनमध्ये पटकीची साथ असताना, एकाच वस्तीत शेजारी शेजारी असलेल्या घरांना दोन वेगळ्या कंपन्यांचे पाणी मिळत होते. सांडपाण्याने दूषित झालेले पाणी पुरविणाऱ्या कंपनीच्या घरांत दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू झाले. नदीच्या वरच्या भागातून पाणी घेणाऱ्या कंपनीच्या घरांत ३७. स्नो यांनी घरोघर फिरून कोणत्या घराला कोणते पाणी येते याची चौकशी केली होती. फ्रीडमन यांच्या मते पुराव्याचे बळ त्या पायपिटीत आहे. आराखड्याच्या गणितात ते नाही.

८

अंतराच्या कल्पनेचा पुढील प्रवास मोठा उद्‌बोधक आहे. १९७० नंतर डोनाल्ड रुबिन यांच्या कार्यामुळे, प्रयोग शक्य नसतानाही कारणाचा विचार काटेकोरपणे करता येईल अशी एक चौकट तयार झाली. जिला उपचार मिळाला अशा व्यक्तीची तुलना न मिळालेल्या पण अन्य सर्व बाबतींत सारख्या असलेल्या व्यक्तीशी करावयाची, हे त्या चौकटीतील एक प्रमुख साधन. 'सारखी' व्यक्ती कोणती, हे ठरविण्यासाठी जे माप वापरात आले ते महालनोबिस यांचेच अंतर होय. कारण टाळण्यासाठी घडलेले साधन असे कारणाच्या शोधात कामी आले.

जातींच्या इतिहासाविषयी अंतराने जेथे मौन पाळले होते, तेथेही आता दुसऱ्या प्रकारच्या पुराव्याने बोलावयास सुरुवात केली आहे. २०१३ मध्ये प्रिया मूरजानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लोकसमूहांच्या जनुकीय अभ्यासावरून असे दाखविले की, दोन प्राचीन लोकसमूहांचे व्यापक मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले आणि त्यानंतर अंतर्विवाहाची बंधने घट्ट झाली. या निष्कर्षासाठी केवळ अंतर पुरेसे नव्हते. पिढ्यागणिक जनुकांची सरमिसळ कशी होते याचा स्पष्ट आराखडा, आणि त्यातील गृहीतके उघड मांडण्याची तयारी, हे दोन्ही त्यासाठी लागले. अंतर्विवाही गट हाच अभ्यासाचा घटक, ही कर्वे यांची दृष्टी मात्र या नव्या अभ्यासातही उपयोगी पडली.

या साऱ्या इतिहासाचा मथितार्थ असा की, कारणाला पर्याय म्हणून जी साधने निघाली ती कारणापेक्षा कमी प्रतीची नव्हती. त्यांचे काम निराळे होते. रिस्ले यांच्यासारख्या घाईच्या कारणमीमांसेला लगाम घालण्याचे काम अंतराने केले, आणि ते अन्य कोणत्याही साधनाला त्या काळी करता आले नसते. परंतु लगाम म्हणजे वाट नव्हे. अंतर मोजणाऱ्याने मिश्रणाविषयी बोलावयास आरंभ केला, की तो दुसऱ्या प्रांतात शिरतो. तेथील पुराव्याचे नियम वेगळे आहेत आणि ते पाळणे त्याचे कर्तव्य ठरते. यूल यांनी 'यामुळे' हा शब्द तळटीपेत मागे घेतला, पण वाचकाच्या मनातून तो गेला नाही, कारण शीर्षकात तो तसाच राहिला होता. संख्याशास्त्रीय लेखनात कारणाचा दावा करावयाचा असेल तर तो उघडपणे, त्याच्या आधारांसह करावा. करावयाचा नसेल तर शीर्षकापासून शेवटच्या वाक्यापर्यंत तो कोठेही करू नये. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा सोपी नाही, हे गेल्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवावरून स्पष्ट होते.